एक नॅनोमीटर जास्त

शिवराम उबाळे हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे, आणि तो यायलाच हवा.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे शिवरामने चौतीस वर्षं माल तपासला. काम एकच. आलेला भाग मोजायचा, मापात असला तर हिरवी चिठ्ठी लावायची, नसला तर लाल. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी लाल. माल आणून देणारे टेम्पोवाले त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि हा घरी येऊन ते कौतुकाने सांगायचा.

तिसरी एक चिठ्ठी होती, पिवळी. माल मापात नाही, पण परत पाठवला तर पुढची सगळी लाइन बंद पडेल, अशा वेळी ती लावायची. कारखान्यात तिला ‘डेव्हिएशन’ म्हणत. तिच्यावर ‘स्वीकारण्याचे कारण’ असा एक चौकोन होता, आणि त्यात सगळे जण तेच वाक्य लिहीत: लाइन थांबू नये म्हणून. शिवरामने पिवळ्या चिठ्ठीवर चौतीस वर्षांत एकदाही सही केली नाही. मॅनेजर डोक्याला हात लावायचा आणि स्वतः सही करायचा. निवृत्तीच्या दिवशी नारळ देताना त्याने ही गोष्ट भाषणात सांगितली. लोक हसले. शिवरामला वाटलं, गौरव झाला.

निवृत्त होताना तो चिठ्ठ्यांची पुडकी घरी घेऊन आला, कारण कारखान्यात तोवर सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. हिरव्यांवर बायको सरस्वतीने किराणा लिहिला. लाल चिठ्ठ्या पुष्कळ होत्या, त्यांच्या पाठीवर नात मैत्रेयी घरं काढायची. चिमणीचं घर, दुमजली घर, बारवी धरणाच्या भिंतीवर बांधलेलं घर. पिवळं पुडकं मात्र कपाटात जसंच्या तसं राहिलं. त्याला हात लावायची कुणाला छातीच झाली नाही.

तर एके दिवशी दुपारी बातमी आली, की मैत्रेयीला पुण्याला आर्किटेक्चरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. लाल चिठ्ठ्यांचं चीज झालं म्हणायचं. घरात पेढे आले, सून संध्या डोळे पुसायला लागली, आणि त्या भरात शिवराम उभा राहून म्हणाला, “लॅपटॉप मी देणार. माझ्या पेन्शनीतून. कुणी मधे पडायचं नाही.”

घर एकदम गप्प झालं.

आता गप्प का झालं, ते ऐका. मुलगा संतोष सहावीत असताना त्याने सायकल मागितली होती. शिवराम म्हणाला होता, देतो की, पण गिअरच्या सायकली येतायत, जरा थांब. गिअरच्या आल्या तर म्हणाला, त्यांचा ब्रेक सुधारतोय, पुढच्या वर्षी घेऊ. अशी थांबत थांबत सहावीतल्या पोराच्या मापाची सायकल घरी आली तेव्हा संतोष बारावीत होता आणि पॅडल मारताना त्याचे गुडघे हँडलला लागत होते. ती सायकल अजून गॅलरीत टांगलेली आहे. सरस्वती तिच्यावर कांद्याच्या जुड्या लटकवते. आणि हँडलला शिवरामने कारखान्यातून खास आणलेली हिरवी चिठ्ठी आहे. बिनचूक माल. फ्रिजची तीच कथा. सात वर्षं उबाळ्यांचं दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहायला होतं.

म्हणून संतोषने घसा खाकरला. “बाबा, कॉलेज एकोणतीस ऑगस्टला सुरू होतंय. अठ्ठावीसला ही निघणार. पहिल्या दिवसापासून लॅपटॉप लागतो. मी हप्त्यावर घेऊन टाकतो ना.”

“दोन महिने आहेत,” शिवराम म्हणाला. “मी काय म्हातारा झालोय?”

मैत्रेयीने आजोबांकडे पाहिलं. पोरगी शांत, हिशेबी, अगदी आजीवर गेलेली. ती म्हणाली, “आजोबा, सत्तावीस तारखेपर्यंत आणलात तर तुमचा. नाहीतर अठ्ठावीसला जाता जाता बाबा घेतील. चालेल?”

“चालेल,” शिवराम म्हणाला. आणि मनातल्या मनात म्हणाला, दोन महिने म्हणजे कितीतरी झाले. संतोषच्या वेळी जे झालं ते आपल्यालाही माहीत आहे, आपण काही दगड नाही. ह्या वेळी पोरीच्या हातात वस्तू आपल्याच हाताने पडली पाहिजे.

एवढं त्याला खरोखर वाटत होतं, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्याच दिवशी तो उल्हासनगरला टेकचंद सेठच्या दुकानात गेला. टेकचंद सेठ गोरा, गुबगुबीत, गिऱ्हाइकाला बसल्या जागी चहा पाजून वस्तू गळ्यात मारणारा माणूस. पण त्याने आजवर असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. त्याने एक चांगला लॅपटॉप काढून समोर ठेवला आणि शिवरामने खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला.

“ये क्या है साईं?”

“मोजायचंय,” शिवराम म्हणाला.

त्याने लॅपटॉपची जाडी चारही कोपऱ्यांत मोजली आणि हिरव्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतली. “सेठ, तीन कोपरे सारखे आहेत. ह्या कोपऱ्यात पॉइंट दोन मिलिमीटर जास्त. कारण काय?”

सेठने लॅपटॉप उलटा केला. “रबर का पाँव है साईं. थोडा मोटा चिपक गया.”

“कंपनीला कळवलंत?”

सेठने दुसरा चहा मागवला. मग शिवरामने झाकणाची चाचणी सुरू केली. उघड, मीट, उघड, मीट, पन्नास वेळा, तोंडाने आकडे मोजत. एकतिसाव्याला सेठही मोजायला लागला. एक बाई प्रिंटरची शाई घ्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. पन्नास झाल्यावर शिवराम मान हलवून म्हणाला, “बिजागरी चांगली आहे,” आणि सेठला उगीचच पास झाल्यासारखं वाटलं.

“तो बिल बनाऊँ?”

“आतला प्रोसेसर किती मापाचा?”

“एकदम लेटेस्ट साईं. तीन नॅनोमीटर.”

झालं. इथे माशी शिंकली. शिवरामने आयुष्यभर मायक्रॉनपर्यंत मोजलं होतं. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर बसतात. ज्या माणसाने केसाच्या दहाव्या भागासाठी टेम्पो परत पाठवले, त्याच्यासमोर कुणीतरी केसाचा वीस-पंचवीस हजारावा भाग ठेवला होता. खोटं नाही सांगत, त्याने टोपी काढली.

“तीन,” तो हळूच म्हणाला. “कोण मोजतं हो हे?”

“वो तो कंपनीवालों को मालूम.”

शिवराम लॅपटॉप न घेता घरी आला, कारण एवढ्या मापाच्या वस्तूचा निर्णय एका दिवसात घेणं त्याला अपमानकारक वाटलं. वस्तूचा अपमान.

सकाळी तो जनूला भेटला. जनू त्याच्याच कारखान्यातला स्टोअरकीपर, बदलापूरच्या पलीकडच्या गावातला, भातशेतीवाल्या घरचा. दोघेही निवृत्त, पण सवय जात नाही. पहिल्या पाळीच्या वेळेला दोघे अजून एमआयडीसीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसतात, आणि रिक्षातून उतरणाऱ्या कामगारांना उशीर किती झाला ते सांगतात. जनू दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि जगात काय नवीन येतंय ते सगळं त्याला पाठ असायचं.

“तीनचा घेतोस?” जनू म्हणाला. “येडा हायस का? दोनचा येतोय.”

“दोनचा?”

“दोन नॅनोमीटर. मी बगितला ना. बारका, थंडगार, बॅटरी दिवसभर हलत नाय. थोडा थांब ना रं.”

आता तुम्हीच सांगा, शिवरामने काय करावं? आयुष्यभर ज्याने सांगितलं की माप म्हणजे माप, त्याच्यापुढे तीन आणि दोन ठेवलेत. त्याला तीनचा लॅपटॉप म्हणजे आधीच लाल चिठ्ठी लागलेला माल दिसायला लागला. नात, सख्खी नात, तिला नापास माल द्यायचा?

तो थांबला.

जुलै असाच गेला. दर चार-पाच दिवसांनी शिवराम टेकचंद सेठकडे जायचा, दोनचा आला का विचारायचा, आला नाही म्हटल्यावर समोरचा तीनचा लॅपटॉप पुन्हा एकदा उघड-मीट करून बघायचा, आणि जनूकडची बातमी सेठला सांगून परत यायचा. सेठ सुरुवातीला समजावून सांगायचा. “साईं, लेना है तो आज लो. कल भी कुछ आएगा, परसों भी कुछ आएगा. मैं तो चालीस साल से बैठा हूँ, आना बंद ही नहीं होता.” पुढे पुढे तो नुसता चहा सांगायचा.

घरी मैत्रेयी मोबाइलच्या बोटभर पडद्यावर कॉलेजने पाठवलेले धडे बघत होती, डोळे बारीक करून. जिन्याचा नकाशा ती बोटाने मोठा करायची, तर पायऱ्या पडद्याबाहेर जायच्या. लहान करायची, तर जिन्याची शिडी व्हायची. शिवरामला ते बघवत नव्हतं. म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा, सायकलपाशी, कांद्यांच्या वासात.

“अहो, आणा ना एकदाचा,” सरस्वती म्हणायची.

“दोनचा येतोय.”

“फ्रिजच्या वेळीही हेच म्हणायचात. शेजारणीच्या सुनेला वाटायचं, आपलं दूध तिच्याच घरातलं. नावं ठेवायची मला, चहाला एवढं दूध कशाला नेता म्हणून.”

ऑगस्ट अर्धा सरला आणि जनूने नवीन बातमी आणली. दोनचाही काही खरा नाही. एक पॉइंट चारचा येतोय.

“कधी?” शिवरामने विचारलं.

“दोन-तीन वर्सं लागतील. पन मग काय विचारू नको.”

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने चहाचा ग्लास खाली ठेवून सरळ दुकान गाठलं असतं. शिवरामने बोटांवर हिशेब केला. कोर्स पाच वर्षांचा. म्हणजे तिसऱ्या वर्षी एक पॉइंट चारचा मिळतो, आणि उरलेली दोन वर्षं पोरगी राणीसारखी काम करते. तो घरी गेला आणि हे मैत्रेयीला सांगितलं. तोंडावर सांगितलं, आनंदाने, नवीन काहीतरी शोध लावल्यासारखं.

मैत्रेयी कपाटातून कपडे काढत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती हसली, म्हणाली, “बरं आजोबा,” आणि घडी घालायला लागली. संध्याने सासऱ्यांकडे बघायचं टाळलं.

सव्वीस तारखेला शिवराम टपरीवर बसला असताना त्याला एकदम सुचलं आणि त्याने विचारलं, “जनू, एवढं सगळं बघतोस, तू स्वतः काय घेतलंस रे? तुझ्या नातवालाही हवा होता ना लॅपटॉप?”

“अमितला? त्यानं कवाच घेतला. वर्स झालं.”

“कितीचा?”

“काय म्हाईत. मला इचारलं नाय.”

“विचारलं नाही?”

“इचारलं असतं तर मी थांब बोललो असतो ना,” जनू म्हणाला. “त्याला म्हाईत हाय. आता घरात मला कोन काय इचारतच नाय. टीवी आला, तो पन मी शेतावरून आलो तवा भिंतीवर.” आणि तो हसला, आणि मोबाइल काढून शिवरामला काहीतरी दाखवायला लागला.

शिवरामला ते काही दिसलं नाही. त्याचा चहा गार झाला.

घरी आला तर हॉलमध्ये मैत्रेयी आणि संतोष मोबाइलवर लॅपटॉप बघत होते. पुण्यात स्टेशनजवळचं दुकान, उतरल्या उतरल्या घेता येईल असं. दोघं हळू आवाजात बोलत होते. शिवराम आत आला तसा संतोषने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाला, “बाबा, चहा घेणार?”

पालथा ठेवला. त्याला वाईट वाटू नये म्हणून. शिवराम आत जाऊन पलंगावर बसला आणि त्याला इतकं वाईट वाटलं, की सांगता सोय नाही. सहावीतला संतोष त्याला दिसायला लागला. तो पोरगाही शेवटी शेवटी सायकलचं विचारायचा बंद झाला होता. आणि आपल्याला तेव्हा वाटलं होतं, पोरगं समजूतदार झालं.

सत्तावीसला दुकान उघडायच्या आधी शिवराम टेकचंद सेठच्या पायरीवर उभा. सेठने कुलूप काढता काढता सांगितलं, “नहीं आया साईं, दो वाला.”

“तीनचाच द्या.”

सेठच्या हातातून कुलूप पडलं. मग त्याचा चेहरा पडला. “साईं, अब? सब कॉलेज चालू हो रहे हैं. पूरा माल उठ गया. उसका एक ही पीस बचा है.”

“मग द्या की.”

“वो डेमो पीस है. आपने ही बनाया है. दो महीने से खोल-बंद, खोल-बंद. कोई लेने को तैयार नहीं, सब बोलते हैं किसी का इस्तेमाल किया हुआ लगता है.”

त्याने तो आणून ठेवला. शिवरामने ओळखला. तोच कोपरा, तोच जाड पाय. त्याने खिशातून व्हर्निअर काढला, बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. “ह्याची तपासणी झालेली आहे,” तो म्हणाला. “बिजागरी कमीत कमी सहाशे वेळा. असा तपासलेला माल तुमच्या आख्ख्या दुकानात नाही.”

सेठने बिल केलं, आणि लॅपटॉपची बॅग फुकट दिली. उल्हासनगरच्या बाजारात असं सहसा होत नाही, पण सेठलाही सुटल्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर शिवराम कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेला आणि त्याने कपाटातून पिवळं पुडकं काढलं. वरची चिठ्ठी फाडली. मालाचे नाव: लॅपटॉप, एक. दोष: प्रोसेसर एक नॅनोमीटर जास्त. एका कोपऱ्यात जाडी पॉइंट दोन जास्त. इथवर हात भराभर चालला. मग आला कारणाचा चौकोन. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाक्य त्याला पाठ होतं. पेन टेकवून तो बराच वेळ बसून राहिला.

मग त्याने लिहिलं आणि खाली तपासनिसाच्या जागी सही केली. आयुष्यातली पहिली.

पण चिठ्ठीवर दोन सह्या लागतात. तो स्वयंपाकघरात गेला. “अगं, इथे मंजुरी अधिकाऱ्याची सही कर.”

सरस्वती भाकरी थापत होती. तिने हात पदराला पुसले, काहीही न वाचता सही केली आणि म्हणाली, “एवढी वर्षं तुम्हाला मंजूर करत आलेय, हा तर नुसता लॅपटॉप आहे.”

शिवरामने चिकटपट्टीने चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर लावली आणि तो बाहेर नेऊन मैत्रेयीच्या हातात दिला. हातात, अगदी स्वतःच्या हाताने. तिने चिठ्ठी वाचली. दोष वाचताना तिला हसू फुटलं. मग ती खालच्या चौकोनापाशी आली. तिथे लिहिलं होतं: मैत्रेयी थांबणार नाही म्हणून.

ती आजोबांच्या गळ्यातच पडली. लॅपटॉप मधे अडकला आणि त्याचा जाड कोपरा शिवरामच्या बरगडीत घुसला, पण तो हलला नाही. “चिठ्ठी काढू नकोस हां,” एवढंच म्हणाला. “पुण्यात कुणी विचारलं तर सांग, त्रुटी नोंदवलेली आहे.”

संध्याकाळी संतोष कामावरून आला. त्याला आधी वाटलं, बाबा चेष्टा करतायत. मग त्याने लॅपटॉप हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि पिवळी चिठ्ठी वरपासून वाचत गेला. दोष वाचले, कारण वाचलं, आईची सही बघितली. बाजूलाच गॅलरीत सायकल होती, तिची हिरवी चिठ्ठी उन्हाने पांढरी पडलेली. संतोषची नजर एका ठिकाणी अडली आणि तिथेच राहिली. तो वाचत होता ती तारीख होती.

“सत्तावीस,” तो म्हणाला. “बाबा, ही निघायच्या एक दिवस आधी आणलात.”

शिवरामने खिशातून व्हर्निअर काढून त्याच्यापुढे धरला.

“खात्री नसली तर मोजून घे,” तो म्हणाला.